पाच पंप, सहा चाकं

माझ्या घरमालकांनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं. म्हणजे मला नाही, माझ्या स्टोव्हला. मी हातगाडीवरून सामान उतरवत होतो, तेवढ्यात ते जिन्याखालून आले, खिशातून डिंक लावलेली लाल चिठ्ठी काढली, तिच्या मागे जीभ फिरवली आणि स्टोव्हच्या टाकीवर चिकटवली. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलं होतं, 'वॉशर गळका'. 'या' नाही, 'बसा' नाही, गाव कुठलं म्हणून विचारणं नाही. स्टोव्ह माझ्या आईने दिलेला होता आणि तो गळत नव्हता. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "अजून गळत नाही."

संध्याकाळी गळायला लागला. माझा त्यांच्यावरचा राग तिथपासूनचा आहे. माणूस चुकीचा निघाला असता तर मी सोडून दिलं असतं. दर वेळी बरोबर निघणाऱ्या माणसाचं काय करायचं?

सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. यंत्रावरून उतरलेला भाग मोजायचा, माप जुळलं तर हिरवी चिठ्ठी, नाही जुळलं तर लाल, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निरोपसमारंभात कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांनी स्वतः मागून घेतले. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं असं आढळल्यावर त्यालाही लाल चिठ्ठी लागली. मी खोली घेतली तेव्हा ते लाल चिठ्ठीसकट बैठकीत लटकत होतं आणि काका, म्हणजे हे घरमालक, रोज सकाळी रेडिओवर वेळ ऐकून ते चार सेकंद पुढे करत.

घरात लाल चिठ्ठ्यांचा सुळसुळाट होता. पंख्याला, कुकरच्या शिटीला, न्हाणीघराच्या कडीला. मखमलाबादहून एक माळीणबाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायच्या. काकांनी एकदा त्यांच्या कोबीच्या गड्ड्यावर लाल चिठ्ठी लावली. बाईंनी ती शांतपणे सोलून काढली आणि म्हणाल्या, "साहेब, कोबी पोरांना घालते मी माझ्या. ही चिठ्ठी तुमच्या कपाळाला लावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच कळंल." आतून काकू मोठ्याने हसल्या. काकांनी मात्र कोबी पुन्हा एकदा फिरवून बघितला आणि तो खरोखर किडका निघाला. बाईंनी त्यानंतर आमच्या गल्लीत पाटी उतरवली नाही, आणि भाजी आणायला मला चौकापर्यंत चालावं लागलं.

मी तेव्हा बँकेत कारकून होतो. गाव सायखेडा, रोज येणं-जाणं जमत नव्हतं म्हणून नाशकात खोली घेतलेली. लग्न झालेलं नव्हतं. थोडक्यात, संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी मी मोकळा असतो हे काकांना माहीत होतं, आणि त्यांच्या बसच्या चाकांत हवा भरताना गेजवरचा आकडा मोठ्याने वाचायला त्यांना माणूस हवाच होता.

आता ही बस काय ते सांगितलं पाहिजे. अंगणात पेरूच्या झाडाखाली एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस उभी होती. पुढे दोन चाकं, मागे जोडीची चार, अशी सहा चाकं. आतली बाकं काकांनी काढून टाकली होती. त्या जागी काथ्याची गादी घातलेला पलंग, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पाण्याचं पिंप, शेगडी, खिडकीला पडदे, आणि पलंगावर पडल्यापडल्या बाहेरचं दिसेल अशा बेताने बसवलेला आरसा. काकांनी ते सगळं एकट्याने केलं होतं. गल्लीतली माणसं तिला 'चाकांचं घर' म्हणायची आणि त्यात चेष्टा असायची, पण त्या आरशाची चेष्टा करावी असं मला कधी वाटलं नाही.

बस काकूंसाठी होती. काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. चालता यायचं, उभं राहता यायचं, पण पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसता यायचं नाही. कण्यातून कळ निघायची आणि चेहरा पांढराफटक पडायचा. एसटी बंद, जीप बंद, रिक्षासुद्धा बंद. काकूंचं माहेर देवळ्याच्या जवळचं एक खेडं. तिथे त्यांची आई होती, नव्वदीच्या पुढची, खाटेला खिळलेली, कानाने पूर्ण गेलेली. फोनवर बोलावं तर ऐकू येत नाही, पत्र लिहावं तर वाचता येत नाही. भाऊ अधूनमधून शेजारच्या घरी फोन करून निरोप ठेवायचा, "माय तुनी वाट दखस," म्हणजे आई तुझी वाट बघतेय. मायलेकी पाच वर्षं एकमेकींना दिसल्या नव्हत्या. नाशिक ते देवळा अंतर म्हणाल तर सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचेल.

बस तयार होऊन दोन वर्षं झाली होती. बस तयार होती, मात्र हवेचा पंप ठरत नव्हता.

रस्त्यात चाक बसलं तर हवा भरायला स्वतःजवळ पंप हवा, तो गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवा आणि तो पारखून घेतलेला हवा, असा काकांचा हट्ट. तोपर्यंत बस फाटकाबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, "काका, आग्रा रोडवर जिथे बघाल तिथे पंक्चरवाला बसलेला असतो. हात दाखवला की हवा भरून देतो."

"त्याचं गेज कोणी तपासलंय?"

"कोणी नाही. तरी ट्रक धावतात."

"ट्रकमध्ये माणूस झोपलेला नसतो," काका म्हणाले. क्लीनर झोपलेला असतो हे मला त्या वेळी सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी बँकेत सुचलं आणि फार चरफड झाली.

पहिला पंप त्यांनी शालिमारच्या एका दुकानातून आणला. पावाच्या लादीएवढी डबी, वर दिवा, आणि सोबत फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई. गाडीत सिगारेट पेटवायची जागा असते तिथे त्याची पिन बसवायची. पहिल्याच चाकाला फ्यूज उडाला. लाल चिठ्ठी. दुसऱ्याची पिन नव्हती, बॅटरीला लावायचे चिमटे होते, ते बरं होतं. पण त्याची नळी मागच्या चाकापर्यंत पोचायची नाही. तिसऱ्याची नळी पोचली तर तोंड बसेना. मागे जोडीची चाकं, त्यातल्या आतल्या चाकाच्या व्हॉल्वपर्यंत हात घालायचा म्हणजे बसखाली उताणं सरपटत जायचं. ते मी जायचो. पाठीखाली पेरूची कुजलेली फळं, नाकावर ग्रीस, आणि बाहेरून काकांचा आवाज, "किती दिसतंय?"

"बावन्न."

"बावन्न की साडेबावन्न?"

"बावन्न, काका!"

"सुई कोणत्या बाजूने बघताय? समोरून बघा."

मी तिथे उताणा पडून कसा समोरून बघणार होतो? पण बघायचो. काका हातात घड्याळ घेऊन उभे असत. चाळीस पौंडांपासून साठपर्यंत एका चाकाला किती मिनिटं, दुसऱ्या चाकाला किती, मध्ये पंप किती तापला, थंड व्हायला किती वेळ लागला, सगळं वहीत. मग सगळ्या चाकांची हवा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून भरायची, कारण एकदा घेतलेलं माप हे माप नव्हे. चौथा पंप असाच तिसऱ्या फेरीला इतका तापला की माझ्या तळहाताला फोड आला. काकांनी आधी फोडाला मलम लावलं, मग पंपाला लाल चिठ्ठी. पाचवा चांगला होता. सगळ्या चाकांपर्यंत पोचायचा, तापायचा कमी. पण त्याच्या डोक्यावरचं गेज काकांच्या गेजपेक्षा दीड पौंड जास्त दाखवायचं. मी म्हणालो, "मग दीड वजा करायचे!" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही अश्लील बोललो होतो.

पंप आणावा आणि नापास करावा, असं दोन वर्षं चाललं. शालिमारचा दुकानदार त्यांना लांबून बघितलं की मागच्या दाराने निघून जायचा, असं त्याच्याच नोकराने मला सांगितलं.

एका रविवारी माझे वडील आले. त्यांचा आमच्या गावी द्राक्षं वाहण्याचा टेंपो होता आणि मीही त्याच टेंपोवर गाडी शिकलो होतो. आम्ही सहाही चाकं साठ-साठवर आणून नुकते उभे राहिलो होतो. वडिलांनी कोपऱ्यातलं लाकडाचं दांडकं उचललं, बसभोवती फिरत प्रत्येक चाकाला एक-एक ठोका दिला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पुढचं डावं कमी हाय. बाकी समदे बराबर हाय."

काकांनी वही उघडली. "सगळी साठ आहेत. आत्ता मोजली."

"आसंल. पर डावं कमी हाय."

काकांनी गेज लावलं. छप्पन्न. व्हॉल्वमधून बारीक हवा जात होती. दुसरा कुणी असता तर हसला असता, माझ्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली असती. काकांनी ते दांडकं मागून घेतलं आणि दुपारभर चाकांना ठोके देत, कान लावत, गेज बघत बसले. आवाजावरून प्रेशर कळतं हे त्यांना मान्य झालं. पण दर वेळी ठोका सारख्याच जोराने बसेल याची खात्री कोण देणार, म्हणून संध्याकाळी दांडक्यालाही लाल चिठ्ठी लागली. वडील जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू दुसरी खोली बघ."

मी बघत होतोही. पण रोज संध्याकाळी काकू हाक मारायच्या, उताण्या पडून पोटावर ताट ठेवून मटार सोलत, "अरे, चहा घेऊन जा." आणि माझं पाऊल अडायचं.

त्यांनाच मी एकदा चिडून विचारलं, "काकू, हे असे का आहेत?"

काकू म्हणाल्या, "हवेमुळे." मग हसल्या. "स्कूटरवरून पडलो ना आम्ही. गंगापूर रोडला. मी मागे बसले होते, ह्यांना फक्त खरचटलं, माझी पाठ गेली. ह्यांनी मग स्कूटर घरी आणून तपासली. मागच्या चाकात दोन पौंड हवा कमी होती. झालं, तेच कारण धरून बसले."

"आणि ते कारण नव्हतं?"

"अरे, कुत्रं आडवं आलं होतं! काळं कुत्रं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ह्यांना शंभर वेळा सांगितलं. म्हणतात, हवा बरोबर असती तर गाडी आवरली असती." त्यांनी एक शेंग सोलली. "कुत्र्याला चिठ्ठी लावता येत नाही ना."

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही, उलट वाढला. एका माणसाने स्वतःला दोषी ठरवायचं आणि त्याची शिक्षा त्याच्या बायकोने घरात पडून भोगायची, हा कुठला न्याय? तसं मी काकांना तोंडावर म्हणालोही. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात मुंबईहून एक पंप येतोय."

तो महिना जायच्या आतच शेजारी फोन आला. काकूंची आई जेवत नाही. पाणी घेते, तेवढंच. भावाने इतकाच निरोप ठेवला होता.

काकूंनी भांडण केलं नाही. सकाळी उठल्या, अंघोळ केली, नेसत्या लुगड्यानिशी हळूहळू अंगणात आल्या, बसची पायरी चढल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "मी आता आईपाशी उतरणार. इथे उतरणार नाही."

काकांना वाटलं, दुपारपर्यंत येतील. आल्या नाहीत. जेवण बसमध्ये नेऊन द्यावं लागलं. ती रात्रही त्यांनी तिथेच काढली, मधे दोन वेळा घरात गेल्या असतील तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज देऊन आलो तेव्हा काका बसच्या मागच्या चाकापाशी पाचवा पंप हातात घेऊन उकिडवे बसले होते.

"काका, कोणता घ्यायचा?" मी विचारलं.

"ठरत नाही."

"मी गाडी चालवतो. तुम्ही येताय की नाही?"

ते उठले आणि पाचही पंप बसमध्ये चढवले. लाल चिठ्ठ्या लावलेले, पाचच्या पाच. मला रडावं की हसावं कळेना. चालकाच्या पुढच्या काचेवर त्यांनी एक कागद चिकटवला. उद्या सकाळी सात वाजता निघणे. साडेनऊ वाजता पोचणे. दुपारी चार वाजता परत निघणे. अंधार पडण्यापूर्वी घरी. खाली सही. सही केलेला कागद त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता, आणि हे ते अभिमानाने सांगत असत.

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबर सातला निघालो. ओझरच्या अलीकडे काका म्हणाले, "थांबवा." उतरून सहा चाकं मोजली. चालून चालून चाकं तापली होती, साठाची चौसष्ट-पासष्ट झाली होती. ते हवा सोडायला लागले.

मी ओरडलो, "काका, सोडू नका! गरम झालं की वाढतंच. थंड झालं की आपोआप खाली येतं. ड्रायव्हरला विचारा कुठल्याही."

"साठ म्हणजे साठ."

पिंपळगावला पुन्हा तेच. सोग्रस फाट्याला पुन्हा तेच. दर वेळी सहा चाकं, दर वेळी आतल्या जोडीसाठी मी बसखाली, दर वेळी फुस्स करून हवा बाहेर. भावडबारीच्या चढाच्या आधी तर ते दोन तास बसले. मी रस्त्याकडेला उभा राहून अक्षरशः दगडांवर लाथा मारत होतो. आत काकू आरशातून द्राक्षांच्या बागा, कांद्याची शेतं आणि पुढे डोंगर बघत होत्या. त्या एकदाही 'अजून किती वेळ' म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागत होतं.

साडेनऊऐवजी आम्ही पावणेतीनला पोचलो.

काकूंच्या भावाने खाट ओसरीत आणून ठेवली होती. मी बस मागे घेत घेत तिचं दार ओसरीला लावलं. काकू स्वतः उतरल्या आणि खाटेच्या कडेला जागा करून आईशेजारी कलंडल्या. म्हातारीने हाताने लेकीचा चेहरा चाचपला, कान, नाक, गळा, आणि म्हणाली, "उनी का वं पोरी?"

"उनू माय," आले आई, असं काकू म्हणाल्या. म्हातारीला ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा म्हटलं, "उनू." थोड्या वेळाने भावाच्या बायकोने भाताची पेज आणली. म्हातारीने लेकीच्या हातून चार घास घेतले. भाऊ आत जाऊन तोंड धुऊन आला.

आणि काका? काका अंगणात चाकांना हवा भरत होते. चाकं थंड झाली होती आणि ज्याच्या नावाने मी सकाळपासून बोंबलत होतो तेच झालं होतं, साठाची अठ्ठेचाळीस उरली होती. त्यांनी पंप काढले. एक तापला की दुसरा. मी म्हटलं, निदान इंजिन चालू ठेवा, बॅटरी उतरेल. ते म्हणाले, इंजिनाच्या थरथरीने गेजची सुई हलते. मी नाद सोडून दिला.

चारला पाच मिनिटं कमी असताना काका ओसरीपाशी आले. नुसते उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हातारीच्या मुठीतून आपला पदर एक-एक बोट सोडवत काढला आणि उठल्या. पाच वर्षांनी एक तास मिळाला होता. त्या मुकाट बसमध्ये चढल्या आणि मी किल्ली फिरवली. नुसती टक् झाली. पुन्हा टक्. बॅटरी पार बसली होती.

भाऊ म्हणाला, "आमना ट्रॅक्टरनी बॅटरी लावू. पाच मिनिटनं काम शे."

"नाही," काका म्हणाले. "ती वेगळ्या मापाची आहे. मी नवीन बघून आणतो." आणि आमची बॅटरी काढून, पोत्यात घालून, ते फाट्यावरून वडापच्या, सीटवारी भाडं घेणाऱ्या जीपने देवळ्याला गेले. अंधार पडल्यावर परत आले. "आणली नाही," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. "आणली नाही." तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा माझं डोकं फिरलं. माझी रजा संपली होती. दोन वर्षं पंपाची गेली, आता बॅटरीची सुरू झाली, हा माणूस मला इथेच म्हातारा करणार. मी ठरवलं, आपण जायचं, समोर दिसेल ती बॅटरी उचलायची आणि त्यांच्या देखत गाडीला लावायची. म्हातारी त्या दिवशी दूधभात खात होती. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

देवळ्यात बॅटरीची तीन दुकानं होती. पहिल्या दुकानात मी विचारलं, एक उंच, चष्मेवाले, खिशात गेज लावलेले गृहस्थ येऊन गेले असतील, त्यांनी कोणती नको म्हटली ते सांगा, ती सोडून द्या. दुकानदार म्हणाला, असं कोणी आलं नाही. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसरा म्हणाला, "तीन दिवसांत एकबी नाशिकवाला आला नाय, भाऊ."

काका मला एसटी स्टँडवर सापडले. बाकावर बसले होते, पायाशी पोत्यातली बॅटरी, समोर स्टँडचं घड्याळ. मला बघून दचकले नाहीत.

"तुम्ही एकाही दुकानात गेला नाहीत," मी म्हणालो.

"नाही."

"तीन दिवस इथे बसलात?"

"हो."

"का पण?"

त्यांनी पायाने पोतं बाकाखाली सरकवलं. "कागदावर चार लिहिलं होतं मी. सही करून. ती चारला एक शब्द न बोलता उठली. तिने एकदा म्हणायला हवं होतं, राहू या." "मला म्हणता आलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? पाच वर्षं मीच लावली. आता बॅटरीमुळे राहावं लागलं असं होतंय, तर होऊ दे."

मला त्यांचा राग आला. खरंच आला, तिथेसुद्धा. एक साधं वाक्य बायकोशी बोलता येत नाही म्हणून माणूस तीन दिवस स्टँडवर उपाशी बसतो! मी त्यांना मिसळ खायला घातली. मग बूथवरून बँकेत फोन करून आणखी चार दिवसांची रजा मागितली, आणि साहेबांच्या शिव्या ऐकल्या.

आम्ही दोघं जीपने परत आलो तेव्हा भाऊ ओसरीच्या पायरीवर बसून गुरांच्या ढेपेचं पोतं उसवत होता. ते पोतं त्याने त्याच सकाळी देवळ्याच्या बाजारातून आणलं होतं. खाटेवर काकू म्हातारीचे केस विंचरत पडल्या होत्या. भावाने विचारलं, "भेटनी का बॅटरी?"

काकांनी जुनी बॅटरी खाली ठेवली. तीन दिवस 'आणली नाही' म्हणत होते, ते खरंच होतं. खोटं माप त्यांच्या तोंडातून कधी आलं नव्हतं, आताही येईना. त्यांची मान खाली गेली.

मी म्हणालो, "नाही मिळाली. देवळ्याची सगळी दुकानं बंद होती."

भावाने आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग हातातल्या ढेपेच्या पोत्याकडे. शेवटी खाटेकडे. म्हणाला, "आसतीन. बंद आसतीन."

मग तो उठला, अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर सुरू केला आणि गोठ्यामागे, ओसरीतून दिसणार नाही अशा जागी नेऊन लावला.